बोटीवर न्यायचा चुडा

आमच्या सासऱ्यांनी आपल्या थोरल्या भावाला जिवंतपणी जाळलं. तेही भर दिवसा, गावासमोर, जोशीबुवांना शिधा देऊन. असं म्हटलं की ऐकणारा दचकतो. पण अमडापुरात तेव्हा कुणी दचकलं नाही. उलट, ‘भगवानरावानं भावाचं नीट केलं हो’ म्हणून लोकांनी माना डोलावल्या.

थोरले म्हणजे माणिकराव. मी त्यांना कधी पाहिलं नाही. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा त्यांना काळ्या पाण्यावर जाऊन वीसेक वर्षं झाली होती. इंग्रजांच्या अमदानीत शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून भांडण झालं, चुलतभावाच्या डोक्यात काठी बसली, तो मेला आणि माणिकरावांना जन्मठेप होऊन अंदमानात पाठवलं. त्यांची बायको मनकर्णा तेव्हा नुकती नांदायला आलेली, सतरा-अठरा वर्षांची. जाताना त्यांनी धाकट्या भावाला बजावलं होतं, ‘तिचा पाट लावून द्या, माह्यासाठी ठेवू नका.’ आमच्यात पाट चालतो, बाईला दुसरं घर करता येतं. दोन ठिकाणची माणसं विचारायला आलीही. मनकर्णाबाईंनी त्यांच्यासमोर चहाच ठेवला नाही. एवढ्यात काय ते ओळखा.

घरात सगळे तिला मोठीमाय म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. बोलायला तिखट, हाताला गोड. ‘ते येतीन,’ असं ती पाऊस येईल म्हणावं तसं म्हणायची.

लढाईत ते बेट जपान्यांनी घेतलं आणि तिकडची खबरबात तुटली ती तुटलीच. बारा वर्षं गेली. घरात नणंदेचं लग्न दोनदा मोडलं, गोठ्यातली गाय मेली. दुसरं काही कारण सापडलं नाही की आपल्याकडे मेलेल्या माणसाला धरतात. जोशीबुवा म्हणाले, बारा वर्षं पत्ता नाही म्हणजे माणूस गेला समजायचं, त्याची क्रिया झालेली नाही म्हणून हे सगळं. मग पळसाच्या पानांचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि नदीकाठी सासऱ्यांनी अग्नी दिला. इकडे बायांनी मोठीमायचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. मी नवी नवरी, दाराआड उभी होते. मोठीमाय रडली नाही. एवढंच म्हणाली, ‘पानं जाळून मानूस मरते का?’

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. गावातले फकीर मोहम्मद सुतार अंदमानात लाकूड कापायच्या कारखान्यात कामाला लागले होते. ते रजेवर आले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले. चहा दिला तर कप हातात तसाच.

“भाभी,” ते मोठीमायला म्हणाले, “तठी एक म्हातारा भेटला. बैलगाडीनं लाकडं आनत व्हता. बैल अडला, तं म्हने, ‘काऊन बे, पाय मोडले का तुये?’ मी जागीच उभा राह्यलो. इतक्या दूर समुंदरात आपली बोली! इचारलं, कोठचे तुमी? म्हने, तालुका चिखली, गाव अमडापूर.”

“नाव?” सासऱ्यांनी विचारलं. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

“माणिकराव.”

फकीरभाऊंनी पुढं सांगितलं. “सुटून लय वर्सं झाली त्याईले. एकटेच राह्यते, नारळाच्या बागेत राखनदार हायेत. मले पहिलं हेच इचारलं, मनकर्णेले कोन्या गावात देल्लं? मी म्हटलं, कोठीच नाही देल्लं, तुमच्याच घरी हाये. तं खालीच बसले. मी म्हटलं, सुटल्यावर आले काऊन नाही? म्हने, तिच्या दुसऱ्या घरासमोरून कोन्या तोंडानं जाऊ?”

ती इथं त्याच्यासाठी थांबली आणि तो तिथं, ती थांबली नसेल म्हणून थांबला. आम्ही ज्याचं डोकं म्हणून नारळ जाळला तो नारळाच्याच झाडाखाली बसून होता. सासरे उठले आणि गोठ्यात गेले ते जेवायलाही आले नाहीत. मोठीमायचा हात कपाळाकडे गेला आणि तिथंच राहिला.

“मी जाईन,” ती म्हणाली.

आधी सगळे हसले. मलकापूरच्या पलीकडे तिनं जग पाहिलेलं नव्हतं, आणि मलकापूरही एकदाच, कापसाच्या गाडीवर बसून. तिथून आगगाडीनं कलकत्ता, कलकत्त्याहून बोट, मग तीन-चार दिवस नुसतं पाणी. पण दिवाळी झाली की फकीरभाऊ परत जाणार होते, त्यांची सोबत होती. माणिकरावांना निरोप द्या म्हणून त्यांनी तिकडच्या सोबत्याला लिहूनही टाकलं. मग हसणारेच सल्ले द्यायला लागले. सल्ल्याला काय, जीभ हलवावी लागते.

मोठीमायचे प्रश्न संपत नव्हते. बोटीवर चूल असते का? बायांची सोय काय? एवढ्या पाण्यात बसून प्यायचं पाणी बरोबर न्यावं लागतं हे ऐकून ती पोट धरून हसली. तिकडे भातच खातात, ज्वारी मिळत नाही, हे कळल्यावर तिनं ज्वारी निवडायला काढली. पीठ वाटेत खवट होईल म्हणून दाणेच न्यायचे, आणि दाणे न्यायचे तर दळायला जातं हवं.

“भाभी, जातं नेलं तं बोट बुडन,” फकीरभाऊ म्हणाले.

“मंग तुमी उतरा खाली,” मोठीमाय म्हणाली.

बोट हलते, लोकांना उलट्या होतात, असं त्यांनी एकदा सांगितलं. त्या दिवसापासून मोठीमाय दुपारी पोरांच्या झोक्यावर बसायला लागली. परसातल्या लिंबाला बांधलेला दोराचा झोका, त्यावर पन्नाशीला टेकलेली बाई पदर खोचून झोके घेते आहे, ओठ घट्ट मिटलेले, डोळे समोर. ‘म्हाताऱ्या गायीले वासराचं वारं लागलं,’ असं शेजारची अंबूबाई कुंपणावरून म्हणाली. मोठीमायनं झोका थांबवला नाही. बोटीवर चढायच्या आधी टोचून घ्यावं लागतं म्हणून ती चिखलीला जाऊन आली. दंड टरारून सुजला तर दागिना दाखवावा तसा दाखवत फिरली.

एक गोष्ट मात्र ती कुणाला विचारत नव्हती. शेवटी मला विचारली. आम्ही दोघी कुरडया डब्यात भरत होतो.

“विमल, त्याईच्यासमोर मी अशी जाऊ?”

अशी म्हणजे रिकाम्या कपाळानं, रिकाम्या हातानं. बघताक्षणी त्यांना कळणार, आपल्याला घरच्यांनी मेलेलं धरलं. आणि कुंकू लावून जावं तर विधी झालेला. मी म्हटलं, लावा बिनधास्त, तिथं कोण बघतं! पण मोठीमायला चोरून लावायचं नव्हतं. तिनं सासऱ्यांना जोशीबुवांकडे पाठवलं.

जोशीबुवांनी पोथी काढली. पोथीत तोडगा होता. ज्याचा पुतळा जाळला तो जिवंत निघाला तर त्याला नव्यानं जन्माला घालायचं. अंगाला तूप लावून न्हाऊ घालायचं, बारसं करायचं, नाव ठेवायचं आणि मग त्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावायचं. तोवर ती विधवाच. मला इतका संताप आला! साठीच्या माणसाचं बारसं करायचं म्हणे, पण जाळायच्या आधी आणखी थोडी वाट बघा असं काही पोथीत निघालं नव्हतं.

मोठीमाय मात्र फुलली. तिला वाटच हवी होती, ती सापडली. फकीरभाऊंना मामा व्हायचं ठरलं. तिनं माझ्या धाकट्याचं टोपडं मापाला घेतलं आणि वाढवून वाढवून नवं शिवलं. “एवढ्या मोठ्या डोस्क्याचं टोपडं कोनं शिवलं असंन का, विमल?” असं म्हणत हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. मग मुंडावळ्या, हळदकुंकू, काळी पोत. आणि चुडा.

फकीरभाऊंची बायको ताहेरा मणियाराच्या घरातली. गावातल्या सगळ्या बायांचे हात तिच्या ओळखीचे. मोठीमायचा हात धरून न बघताच तिनं हिरव्या बांगड्या काढून दिल्या, आमच्याच शेतातल्या कापसात गुंडाळून डब्यात भरल्या.

“पर तठी भरून कोन देईन?” ताहेरानं विचारलं.

“तेच भरतीन,” मोठीमाय बोलून गेली आणि लाजून उठून आत गेली. त्या वयाची बाई लाजलेली मी पहिल्यांदा पाहिली.

सासरे या सगळ्यात नुसते येरझारा घालायचे. एका संध्याकाळी तिच्यासमोर येऊन बसले. ते कधी तिच्यासमोर बसत नसत.

“वहिनी, त्याले सांगू नका, मी आग देल्ली म्हनून.”

“नाही सांगत. पर भाऊजी, मंग बारसं कायचं म्हनून सांगू?”

सासऱ्यांना आधी हसू आलं. मग तोंडावर उपरणं घेऊन ते लहान पोरासारखे रडले. मोठीमाय त्यांच्याजवळ बसून राहिली. तिनं त्यांना माफ केलं की नाही हे मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही.

निघायला आठवडा उरला होता. गाठोडी बांधून झाली होती. मोठीमाय झोक्यावर होती, तेव्हा फकीरभाऊ परसात आले. टोपी हातात, मागं ताहेरा. त्यांच्या सोबत्याची तार आली होती. माणिकराव तापानं गेले.

झोका थांबला. मोठीमायनं दोर सोडले नाहीत.

“निरोप भेटला व्हता का त्याईले?” तिनं विचारलं.

तारेत तेवढं कुठून असणार! पुढच्या रजेला फकीरभाऊ आले तेव्हा कळलं. निरोप मिळाला होता. म्हाताऱ्यानं झोपडी सारवून घेतली होती आणि जो भेटेल त्याला सांगितलं होतं, माझ्या घरून ज्वारी येते आहे.

तार आली त्या दिवशी आमच्या घरी नेहमीसारखी चूल पेटली. जोशीबुवा म्हणाले, या माणसाचं सगळं होऊन गेलं आहे, एका माणसाचं सुतक दोनदा नाही. आंघोळसुद्धा नको. म्हणून कुणी आलं नाही. गावात कुणाची म्हैस मेली तरी लोक ओट्यावर येऊन बसतात, आमच्या ओट्यावर कुणी बसलं नाही. मी भाकरी थापत होते आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत होते. पानांसाठी सगळा गाव रडला होता आणि माणसासाठी कुणाला वेळ नव्हता.

दुपारी मोठीमायनं ताहेराला बोलावणं धाडलं. गाठोडं सोडलं, कापसातला डबा काढला आणि ओट्यावर बसून दोन्ही हात पुढं केले.

“भर.”

ताहेरा घाबरली. “बाई, आता कायले?”

“भर म्हनतो नं. विमल, तू कुंकू लाव.”

ओट्यासमोरून जाणारी-येणारी थांबली. अंबूबाई कुंपणाशी आली. सासरे दारात येऊन उभे राहिले. मी मोठीमायच्या कपाळाला कुंकू लावलं. ती नीट बसली होती. ताहेरानं एकेक बांगडी चढवली. हात कामानं रुंदावले होते तरी एकही बांगडी फुटली नाही. माप बरोबर होतं.

बांगड्या भरून झाल्या की भरणारीला नमस्कार करायचा आणि तिनं आशीर्वाद द्यायचा, ही रीत. मोठीमाय ताहेराच्या पायाशी वाकली आणि वाकूनच राहिली. रोज दहा घरी द्यायचा आशीर्वाद ताहेराला देववेना. मोठीमाय उठेना.

“सुहाग सलामत रहे, बाई,” ताहेरा शेवटी म्हणाली आणि तोंडात पदर कोंबला.

मग मोठीमाय उठली. चुड्याचे हात घेऊन ती घरभर फिरली. माणिकरावांच्या वाटची ज्वारी तिनं पाखडून परत कणगीत ओतली, टोपडं घडी करून माझ्या हातात दिलं. दिवस कलला तेव्हा पदर डोक्यावर घेऊन नदीकडे निघाली. मी मागं गेले. जिथं पानांचा पुतळा जाळला होता तिथं ती बसली, दगड जवळ ओढला आणि स्वतःच्या हातानं सगळ्या बांगड्या फोडल्या. कुंकू पुसलं. आणि मग तिनं असा हंबरडा फोडला की नदीपलीकडच्या शेतातली माणसं धावत आली. ज्याची वाट तीस वर्षं पाहिली त्याच्यासाठी ती पहिल्यांदा रडत होती.

मी तिला पोटाशी धरलं. तिच्या मनगटातून रक्त येत होतं.

“त्या टायमाले मले पानासाठी रांड केलं व्हतं, विमल,” ती म्हणाली. “आज माह्या मानसासाठी झाली.”

आम्ही घरी आलो तेव्हा अंधार पडला होता. ओट्यावर सासरे बसले होते. त्यांनी डोकं आणि मिशा भादरून घेतल्या होत्या, आणि घरातली चूल विझवलेली होती.