नईमचं विमान हवेत असताना

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. कोणी सांगायला लागलं की मी त्याची खेचायचो. काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये मी डिस्पॅच बघतो... कुठली गाडी किती वाजता कुठे पोचणार, हे तोंडी हिशोब करून सांगणं माझं रोजचं काम.

गेल्या मे महिन्यात, सकाळी साडेसातला अब्बा गेले. इथे भिवंडीत, घरीच. धाकटा भाऊ नईम बेळगावला नोकरीला असतो. त्याच्या लग्नावरून त्याचं आणि अब्बांचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. मी फोन केला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "भाई, मी येईपर्यंत अब्बांना नेऊ नका. मला तोंड बघायचंय." मी शब्द दिला.

आमच्यात मय्यत फार वेळ ठेवत नाहीत. मी गणित मांडलं. बेळगाव-नाशिक विमान बारा दहाचं. हवेतून पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास — म्हणजे तासाभरात ओझर विमानतळ. तिथून टॅक्सीने पडघ्यावरून घरी यायला साडेतीन तास. म्हणून जनाजा असरच्या नमाजनंतर, सव्वापाचला. चाचा कुरकुरले, "एवढ्या उकाड्यात कशाला रे ठेवतोस?" मी ऐकलं नाही. बारा वाजता नईमचा मेसेज आला — विमानात बसलोय, फोन बंद करतो.

पाऊण वाजता नईम दारात उभा होता.

निळा शर्ट, खांद्याला बॅग. कोणाशी न बोलता आत गेला, अब्बांच्या तोंडावरचं कापड बाजूला केलं, कपाळावर हात ठेवला आणि ढसाढसा रडला. मी, माझी बायको, चाचा... खोलीतल्या सगळ्यांनी बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "भाई, आता उशीर नको."

तुम्ही विचाराल, तेव्हा तुझं गणित कुठे गेलं होतं? खरं सांगतो, सुचलंच नाही. भाऊ वेळेत आला, माझा शब्द राहिला, एवढंच डोक्यात. जोहरची, म्हणजे दुपारची नमाज झाल्या झाल्या जनाजा उचलला. कबरीत उतरायला मुलगे लागतात, म्हणून मी नईमला हाक मारली. दिसला नाही. चाचा म्हणाले, "मागं असंल. त्याला बघवत नसंल. तू उतर." मी उतरलो.

घरी येऊन बघतो तर चार्जिंगला लावलेल्या फोनवर नईमचे अकरा मिस्ड कॉल. मी लावला.

"भाई, इगतपुरी सोडली. थांबलेत ना सगळे?"

"अरे, तू येऊन तोंड बघून गेलास ना... मग आम्ही दफन केलं," मी म्हणालो.

साडेचारला तो आला. अंगात पांढरा शर्ट. बोर्डिंग पास माझ्यासमोर टाकला आणि ओरडला, "माझ्या जागी कोणाला तोंड दाखवलंत?" चाचांनी अल्लाची कसम खाल्ली, तरी त्याला पटलं नाही. आम्हीच घाई केली आणि आता गोष्टी रचतोय, असं तो म्हणतो.

मी नंतर चौकशी केली. विमान वेळेवर उडालं, वेळेवर उतरलं. पाऊण वाजता नईम हवेतच होता. चाचा जिन्न म्हणतात, ओळखीचे डॉक्टर म्हणतात दुःखात भास होतो. खोलीभर माणसांना एकच भास? पटत नाही... आणि दुसरं काही सुचतही नाही. राग मात्र स्वतःचाच येतो. थांबायचं मी कबूल केलं होतं.

परवा, कित्येक महिन्यांनी नईमचा फोन आला.

"भाई, तो जो आलेला... तो रडला का?"

"हो. खूप रडला."

"मला अजून नाय येत रडायला," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.