स्कूटीच्या आरशातली जागा

माझी धाकटी जाऊ पुण्याहून ऑर्गन शिकून आली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. खोटं कशाला बोलू? लग्न होऊन जळगावात आले तेव्हापासून आमच्या चर्चमध्ये पेटी मीच वाजवत होते. बाळंतपणं सोडली तर एक रविवार चुकवला नाही. मुंबईच्या एका चर्चनं त्यांचा जुना, पायपट्ट्यांचा ऑर्गन आम्हाला दिला, तेव्हा फादरांनी शिकायला कोणाला पाठवावं? हिला! धुळ्याहून सून होऊन येऊन हिच्या हातची मेंदीसुद्धा नीट उतरली नव्हती. "तिची बोटं कोवळी आहेत," म्हणे. माझी काय वाळवणाला टाकलेली होती?

आली ती नोटेशनचे कागद घेऊन. दोन हात वर, दोन पाय खाली, चौघं वेगवेगळं बोलतात आणि तरी भांडत नाहीत. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. ऑर्गन भिंतीकडे तोंड करून ठेवलेला, म्हणून फादर दिसावेत यासाठी दिरानं तिला जुन्या स्कूटीचा आरसा बसवून दिला. माझ्या पेटीचा भाता फाटला होता तेव्हा हाच दीर फिरकला नव्हता.

चर्चच्या सणाला बिशप यायचे होते. मला वेडीला वाटत होतं, निदान त्या दिवशी तरी मला बसवतील. फादर सगळ्या गायनवृंदासमोर म्हणाले, "सणाला पहिल्यांदा ऑर्गनच वाजेल." अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण एक गोष्ट हिला ठाऊक नव्हती, आणि मी काही सांगायला गेले नाही.

आमच्या चर्चची निम्मी माणसं पिंपळनेरकडच्या पाड्यांवरून कामाला आलेली. तिकडे मिरवणुकीत गात जायचे, तेव्हा पुढचे लोक ओळीचा शेवटचा सूर लांबवून धरायचे. मागचे, पोरंबाळं घेऊन चालणारे, म्हातारे येऊन पोहोचले की मग पुढची ओळ. आता सगळे बाकांवर बसतात, कोणी मागे राहत नाही, तरी सूर धरतात. पहिल्या बाकावरचे आबा श्वास घेतात तेव्हाच ओळ पुढे सरकते. हे कुठल्या कागदावर असणार?

प्रवेशगीत सुरू झालं. ही गेली सरळ पुढे. लोक मागच्या ओळीत, ऑर्गन पुढच्या! बिशप वेदीपाशी पोहोचले तरी आम्ही दोन गावांत. आबा तिथूनच ओरडले, "पोरी, दम लेऊ दे ना माले!" मला मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या.

तिचे कान लाल झाले. बायबलचं वाचन चालू असताना मागे गायनवृंदात बसलेल्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "अक्का, तुम्हीच या ना इथे."

"नको गं बाई," मी म्हटलं, "मला कुठे कागद वाचता येतात?"

तिनं आरसा फादरांवरून काढला आणि माझ्याकडे वळवला.

पुढचं गीत सुरू झालं. गप्प बसायचं ठरवलं होतं मी, पण गाणं लागलं की माझं तोंड माझं राहत नाही. ओळीच्या शेवटी मी सूर धरला, तिनं धरला. मी श्वास घेतला, ती पुढे गेली. शेवटपर्यंत असंच. सगळं चर्च एका गळ्यानं गायलं.

मिस्साची उपासना संपल्यावर बिशपांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आबा माझ्याकडे येऊन म्हणाले, "आज तुना आवाज ऐकाले भेटना." इतकी वर्षं पेटीमागे दबलेला माझा आवाज आज ऐकायला मिळाला, हे त्यांनी मनापासून म्हटलं, मला मात्र ते लागलं; म्हणजे पेटी नव्हती तेच बरं झालं?

"अक्का, पुढच्या रविवारी पण तिथेच बसा हं," जाऊ म्हणाली, "तुम्ही दिसल्या की मला कळतं."

बसते माझी बला! पुढच्या रविवारी मी मुद्दाम खांबाआड जाऊन बसले. म्हटलं, आता बघू. हाक मारेल, मग फादरही म्हणतील, पेटीच बरी होती.

गीत सुरू झालं. पहिली ओळ संपली. आरशात मी नव्हते. ती थांबली. आबांची छाती भरेपर्यंत, तेवढीच थांबली, आणि मग पुढे गेली. मला जे कळायला अर्धं आयुष्य गेलं, ते मेली एका रविवारात शिकली. माझ्याकडूनच.

आणि खांबाआड ओठ घट्ट मिटून बसलेली मी, दुसऱ्या ओळीला सगळ्यांबरोबर गायला लागले.