सुनेच्या गोळ्या आणि माझ्या पदरात चिंचा

आता सांगतो, पण कप आधी खाली ठेवा. मागे हेच ऐकताना एकाच्या नाकातून चहा आला होता.

मी तसा कमी बोलणारा माणूस. वर्षात एखाद्या वेळी आपणहून तोंड उघडतो, आणि तेव्हाच घोळ होतो.

घरात मी, मुलगा आणि सून सरिता. एक दिवस चहापत्तीच्या डब्यामागे मला बारक्या पिवळ्या गोळ्यांची पट्टी दिसली. सरिता रोज एक खात होती. पोरगी आजारी आहे आणि आपल्याला सांगत नाही, या काळजीनं मला भात गोड लागेना. शेवटी रिकामी पट्टी खिशात घालून मोहाडीच्या बाजाराला गेलो आणि औषधाच्या दुकानात दाखवली.

"फॉलिक ॲसिड हाये काका. गरोदर बाया खातेत," दुकानदार म्हणाला, "आन ज्याहिले पुढं..."

पुढचं कोण ऐकतो? मी तेव्हा रस्त्यावर होतो. आजोबा झालो होतो ना मी!

समोरच माझी थोरली बहीण, बकूबाई, वांगी निवडत होती. तिच्या कानात सांगितलं. वर म्हटलं, "कोणालेच सांगू नको बाई."

आता तुम्हीच सांगा, बकूबाईला असं कोणी सांगतं का?

दुपारी ती चिंचा आणि आवळ्यांची पिशवी घेऊन आमच्या गावात हजर. वाटेतल्या प्रत्येक दारात थांबून आली असावी, कारण मागे अर्धी गल्ली होती. सरिता धानाचं पोतं सरकवत होती.

"ठेव ते खाली!" बकूबाई ओरडली. "अशा दिवसात वझं उचलतेत का?"

"कशा दिवसात आत्याबाई?"

बायका हसल्या. सरिता माझ्याकडे पाहून सरळ आत गेली. मीही मागे गेलो.

"मामाजी, तुम्ही सांगतलं?"

"गोळ्या पाहिल्या ना बाई."

तिनं कपाळाला हात लावला. "अजून काहीच नाही जी. डॉक्टरीणबाईनं आधीपासूनच खायला लावल्या. बाळाचा कणा पहिल्या काही हप्त्यातच बनते, तवा आईले पत्ताही नसते. धानाचं पऱ्हं टाकाच्या आधी वावरात शेणखत टाकता ना तुम्ही? तसंच."

जन्मभर धान पिकवलं मी. शेणखत टाकताना पाहून कोणी "पीक आलं" म्हणालं असतं, तर त्याला वेडा म्हटलं असतं.

सरिताच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता गाव दर महिन्याले माह्या पोटाकडे पाहीन."

मला ते पाहवेना. बाहेर आलो आणि डोकं न लावता बोललो, "घरी जा सगळ्या. त्या गोळ्या माह्या हायेत."



"तू काहून खाऊन राहिला रे किसन्या?" बकूबाईनं विचारलं.

"रक्त कमी हाये मले."

"मंग सकाळी आजोबा होतो काहून म्हणत होता?"

मी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसू लागलो.

"खाऊन दाखव."

सरितानं आतून गोळी आणि पाण्याचा गडू आणून दिला. ओठ दाबून हसू अडवत होती ती. मी सगळ्यांसमोर गोळी गिळली. बकूबाईनं माझ्या दुपट्ट्याचा पदर पसरला, त्यात चिंचा-आवळे ओतले आणि म्हणाली, "घे मंग. जपून राहाजो. वझं उचलू नको."

त्या दिवसापासून सरिताला कोणी एका शब्दानं विचारलं नाही. विचारायचे ते मला. पानठेल्यावर, पिठाच्या चक्कीवर, "काका, कितवा लागला?" मी मान खाली घालून पुढे जायचो. पण घरी पोरगी पोट धरून हसायची, म्हणून बरं वाटायचं.

पुढे सरिताला खरंच दिवस राहिले. तेव्हा मात्र मी तोंडाला कुलूप लावलं. नात झाली, चांगली टुणटुणीत. बारशाला बायका पाळण्यात वाकून पाहू लागल्या. डोक्यावर एक केस नाही, तोंडात दात नाही, आणि कोणाशी काही बोलत नाही.

"कोणावर गेली वं ही?" एकीनं विचारलं.

बकूबाईनं माझ्या टकलाकडे बोट दाखवलं. "त्याच्यावर नाही जाईन त कोणावर? पहिली ओटी कोणाची भरली होती?"