पात्याच्या मुळाशी खाच

काल मुलानं पंडरीच्या बाजारातून नवा घडीचा चाकू आणला. पात्याच्या मुळाशी, जिथे धार सुरू होते, तिथे एक छोटीशी खाच होती. तिच्यावर बोट टेकलं आणि मला लहानपणचा तेलीबांध्याचा तो रस्ता दिसला.

आमचं वेगळं राज्य नुकतंच झालं होतं, नव्या कामांसाठी रस्ता जागोजागी खणलेला होता. बाबा स्कूटर चालवत होते, मी पुढे उभी, आई मागे. अचानक स्कूटर थांबली. आईनं गळ्याभोवती घेतलेला पदर मागच्या चाकात गुंडाळला गेला होता आणि तिच्या गळ्याला फास बसला होता.

बाबांनी खिशातला चाकू काढला. त्याला त्यांनी स्वतः कानशीनं खाच पाडली होती. "खाच नसली तं मुळापर्यंत धार लागत नाही," ते म्हणायचे. "पण कपडा अडकते त्यात," काका बजावायचे. तसंच झालं. पदर खाचेत शिरला आणि चाकू हलेना. आईचे डोळे फिरू लागले.

"बाबा, लवकर कापा ना!" मी किंचाळले.

त्यांनी हिसका देऊन चाकू सोडवला, टोकाकडून घातला, तेव्हा कुठे पदर फाटला. आई खोकत धुळीतच बसली.

"तुमचे हात काहून थरथरून राहिले? मी हाय ना," तीच त्यांना म्हणाली.

तेव्हा मला त्या खाचेचा राग आला होता. आता वाटतं, खाच नसती तरी त्या हातांना वेळ लागलाच असता. पुढे बाबा निघण्याआधी आईचा पदर स्वतः तिच्या कमरेला खोचायचे. तरी चालत्या स्कूटरवर सारखे मागे वळून पाहायचे, आणि तेवढा वेळ समोरच्या रस्त्याकडे फक्त माझंच लक्ष असायचं.