छत्री खाली कधी यायची?

मी घर सोडलं त्या दिवशी आमच्या वडगावच्या गल्लीत देवीची पालखी आली होती आणि माझी टॅक्सी तिच्या मागं अडकली होती. माझा जीव टांगणीला. माझे वडील, आप्पा, मात्र निवांत. "इमान थांबंल गं, छत्री थांबत न्हाय," म्हणाले. विमान कसलं थांबतंय! पण आप्पांशी वाद कोण घालणार?

तुम्ही जे गावातच आहात त्यांना सांगायला नको, पण माझ्यासारख्या लांब गेलेल्यांना आठवण करून देते. आमच्याकडं पालखी प्रत्येक दारापुढं थांबते, देवीची लाल छत्री झुकते आणि घरातल्यांनी तिच्याखाली डोकं घालायचं. त्या दिवशी छत्री धरणारे शिवाण्णा दार सोडून थेट टॅक्सीच्या खिडकीपाशी आले. आई ओरडली, "डोकं बाहेर काढ गं, लवकर!" मी अर्धी खिडकीबाहेर, झालरीची घुंगरं कानावर. रडायचं ठरवलं होतं, ते राहूनच गेलं. हसूच लई आलं.

टोरांटोत मी मोशन डिझायनर आहे. आई शेजारणींना सांगते, "पोरगी कंप्युटरवर चित्रं नाचवती." अगदी बरोबर सांगते. गेल्या वर्षी इथल्या मराठी मंडळींनी हॉल घेऊन देवीचा उत्सव करायचं ठरवलं. पालखी मिळाली, छत्री कुठून आणायची? मी म्हटलं, पडद्यावर करते की! आप्पा घरी साड्या विणतात; त्यांनी मागावरच्या साडीच्या काठाचे फोटो पाठवले, त्याची झालर केली. घुंगरू न् घुंगरू वेगळं हलवलं, वाजवलंही. ऑफिसातले बघून खूश झाले. पण मला आईच्या तोंडून "व्हय, हीच आपली" ऐकायचं होतं. ती तसं म्हणेपर्यंत माझ्यासाठी ती छत्री पुरी होणार नव्हती.

व्हिडिओ कॉलवर लावली. आईनं डोक्यावर पदर घेतला आणि मान खाली घातली. छत्री आपली फिरतेय, फिरतेय. शेवटी पदराखालून आवाज आला, "अगं, खाली कधी यायची ही? माझी मान अवघडली की!"

हात्तिच्या! सगळं केलं आणि छत्री वाकवायचीच विसरले. आप्पा मागं खो खो हसत होते. मीही हसले. पण इथं पालखी कुणाच्या दारावरून जाणारच नव्हती, मग वाकणं सुचणार कुठून?

"आई, इथं दार कुठलं आणू?"

"का? हॉलला दार न्हाय व्हय?"

झालं! हॉलच्या दारावर कापड ताणलं, त्यावर प्रोजेक्टर मारला. कुणी उंबऱ्यात आलं की मी बटण दाबायचे आणि छत्री झुकत डोक्यापर्यंत खाली यायची. निपाणीचे एक काका आले. इकडं येऊन जन्म गेला त्यांचा. कुणी काही सांगायच्या आत त्यांची मान वाकली. मागं रांग खोळंबली तरी हलेनात. "थांबा की रं, अजून एकदा येऊ दे!" मग काय, पुन्हा दाबलं बटण.

सगळे आत गेल्यावर मी फोन उंच करून दारात धरला. फोनमध्ये आई आणि आप्पा, दोघांच्या माना खाली. छत्री झुकली. घुंगरांचा आवाज तिकडं पोचला असावा, कारण आई मान वर न करताच म्हणाली, "व्हय गं. आली."

घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी अजून वडगावच सांगते. पण परवा त्याच हॉलमध्ये कुणाच्या तरी वाढदिवसाला गेले होते. दारावर ना कापड, ना छत्री. तरी आत शिरताना माझी मान आपोआप वाकली.