बोटीवर फोडलेला नारळ

शुद्धलेखनाच्या चुका आणि कोंबडीने पाय उमटवल्यासारखं अक्षर, दोन्हींबद्दल माफी मागते. मी चौथीपर्यंतच शिकले. लेकीला मराठी वाचता येत नाही आणि हे माझं काही वाचत नाहीत, त्यामुळे माफी कुणाकडे मागतेय तेही नक्की नाही.

त्या उन्हाळ्यात, आम्ही अमेरिकेत राहतो त्या एडिसनमधली आमच्या ओळखीची मंडळी समुद्र बघायला फ्लोरिडाला गेली. आमच्या ह्यांनी कालव्यातली बोट भाड्याने घेतली. लांबलचक, अरुंद, आगगाडीचा डबा पाण्यात सोडल्यासारखी. न्यूयॉर्क राज्यातल्या एका जुन्या कारखान्यांच्या शहरातून तीन दिवस हिंडायचं. भाडं ह्यांनी भरलं. वर दोनशे डॉलर अनामत होती, ती माझ्याकडून घेतली. लोकांची मुलं सांभाळून मी ते साठवले होते, आईला भेटायला जायच्या तिकिटासाठी.

"अगं, परतच मिळणार आहेत," हे म्हणाले. बोटीला ओरखडा पडला तर पैसे कापणार, हे मालकाचं बोलणं मला लेकीकडून कळलं.

निघताना ह्यांना शास्त्र आठवलं. एरवी देवाला हात न जोडणाऱ्या माणसाने पिशवीतून नारळ काढला आणि बोटीच्या नाकावर आपटला. नारळ तिसऱ्या फटक्याला फुटला. हिरवा रंग पहिल्यालाच उडाला.

मग तीन दिवस मी तो टवका बघत बसले. नाहीतर फुटक्या काचांचे बंद कारखाने होतेच. प्रत्येकाबद्दल हे इतकं बोलले, जणू ह्यांच्याच आजोबांनी ते बंद पाडले होते. बोटीचा वेग असा की कुत्र्याला फिरवणारी एक म्हातारी काठावरून आम्हाला मागे टाकून गेली.

परत आलो. म्हातारा मालक टवक्यापाशी वाकला. हे लगेच हवापाण्यावर बोलू लागले. शेवटी लेकीने खरं ते सांगून टाकलं. म्हातारा हसायलाच लागला. त्यांच्यात म्हणे नव्या बोटीवर दारूची बाटली फोडतात. ह्या बोटीचं ते राहूनच गेलं होतं, म्हणून त्याची बायको अजून कुरकुरत होती. आता ते झालं म्हणून तिला सांगतो, म्हणाला.

त्याने नोटा काढल्या. ह्यांनी हात पुढे केला. अमेरिकेत मी दुकानातसुद्धा तोंड उघडत नसे.

"माय मनी," मी म्हणाले.

म्हाताऱ्याने ह्यांच्याकडे पाहिलं आणि नोटा माझ्या हातावर ठेवल्या. मी तिथेच उभ्या उभ्या मोजल्या. पुरते दोनशे.