आत्याने केलेला नायिकेचा बायोडेटा

टी.वाय.च्या परीक्षेचं केंद्र ठाण्याला आलं, म्हणून मी डोंबिवलीहून तिथेच कोपरीला आत्याकडे मुक्कामाला गेले. आत्या म्हणजे आमच्या समाजातलं चालतंबोलतं वधू-वर मंडळ. रविवारी विहारात वंदना संपली की तिच्या पिशवीतून बायोडेटे निघत. त्यात माझाही होता. परीक्षा झाली की कल्याणचं स्थळ मला बघायला येणार, हे तिने आणि बाबांनी परस्पर ठरवून टाकलेलं. मला एम.ए. करायचं होतं, पण ते सांगायला जीभ रेटत नव्हती.

पेपर होता व्हिक्टोरियन कादंबरीचा. पुस्तक उशीएवढं जाड आणि पानोपानी अडणारे शब्द. मी मोठ्याने पाठ करायची, आत्या मटार सोलत ऐकायची.

"सूटर म्हणजे काय गं?"

"लग्नाची मागणी घालणारा."

"म्हणजे स्थळ! सरळ सांग ना."

इनहेरिटन्स म्हणजे वारसा आला की विचारायची, "खोली कुणाच्या नावावर?" शेवटी तिला राहवेना. एका जुन्या बायोडेट्याच्या पाठीवर तिने माझ्या कादंबरीतल्या नायिकेचाच बायोडेटा लिहायला घेतला. आईवडील : नाहीत, मामा आहे. नोकरी : श्रीमंतांच्या घरी मुलांना शिकवते. मालमत्ता : काही नाही. गाइडमधली 'वर्गभेद आणि विवाह' ही थीम घोकून घोकून माझ्या डोक्यात शिरली नव्हती, ती आत्याच्या त्या ओळींनी शिरली. मला भलतीच मजा यायला लागली.

'अपेक्षा'पाशी मात्र तिचं पेन थांबलं. "हिच्या अपेक्षा काय?"

"माहीत नाही. पण जमीनदाराला ती नकार देते."

आत्या भडकली. "डोकं फिरलंय का तिचं? बंगला, घोडागाडी, मुलगा निर्व्यसनी! अशी स्थळं शोधताना माझ्या चपला झिजतात!"

"अगं, त्याने मागणी मामाकडे घातली. मामाने परस्पर हो म्हटलं. तिला कुणी विचारलंच नाही!" माझा आवाज नको तेवढा चढला होता.

आत्याने कागद पुन्हा पुढ्यात ओढला. मग म्हणाली, "आणि तुला? तुला विचारलेलं का कुणी?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग सांग. अपेक्षा?"

"एम.ए.," म्हटलं आणि वेड्यासारखी रडायलाच लागले.

"त्यात रडायचं काय? आधी पेपर नीट लिही. नापास झालीस तर तुझ्या बापाशी मी कोणत्या तोंडाने भांडू?"

पेपरात तीच थीम आली. मी पुरवण्यांवर पुरवण्या घेतल्या. संध्याकाळी घरी आले तर आत्या दारातच उभी. "कसा गेला?"

"मस्त!"

तिने तिथेच कल्याणला फोन लावला. "जय भीम, ताई. नाही नाही, मुलगा चांगलाच आहे तुमचा. आमच्याकडून मुलीला विचारायचं राहिलेलं. आता विचारलं. नको म्हणतेय."